कंदील, हजेरी आणि नंबरप्लेट : पाळत कोणावर, सुरक्षा कोणाची?

वस्तीच्या कमानीवर, विहारापाशी आणि बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती सीसीटीव्ही बसवा, ही मागणी आता आपल्याच निवेदनांत हमखास असते. त्यामागचं दुखणं खरं आहे. रात्रीतून विटंबना होते, निळा झेंडा उतरवला जातो, गुन्हा 'अज्ञात इसमा'वर दाखल होतो. सकाळी जाब विचारायला रस्त्यावर उतरलेली आपली पोरं मात्र एफआयआरमध्ये नावानिशी येतात. मग प्रत्येक बैठकीत एक वाक्य ऐकू येतं : कॅमेरा असता तर!

हे 'असता तर' इतिहासावर घासून बघायला हवं. कारण पाळत ही आजची गोष्ट नाही आणि ती कधीही सगळ्यांवर सारखी नव्हती. दुबळ्या समाजांवर नजर ठेवायची व्यवस्था आधी येते, तिला 'सुरक्षा' हे नाव नंतर मिळतं. या लेखात मुख्यतः अमेरिकेतल्या ओकलंड शहराची गोष्ट सांगायची आहे. ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये मुंबईत नाव घेतलं, ती संघटना याच शहरात जन्मली. आज त्याच शहराच्या रस्त्यांवर गाड्यांचे नंबर वाचणारे कॅमेरे आहेत. या दोन टोकांमधल्या साठ वर्षांत आपल्यासाठी बरंच शिकण्यासारखं आहे.

कंदील आणि मडकं

१७१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी, १७१३ मध्ये शहराने नियम केला : चौदा वर्षांवरच्या कोणत्याही निग्रो किंवा इंडियन गुलामाने अंधार पडल्यावर हातात पेटता कंदील किंवा मेणबत्ती असल्याशिवाय रस्त्यावर दिसायचं नाही. सोबत गोरा मालक असेल तर सूट. हा उजेड त्या माणसाला वाट दिसावी म्हणून नव्हता, तो इतरांना दिसावा म्हणून होता. सिमोन ब्राउन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१५ च्या 'डार्क मॅटर्स' या पुस्तकात आजच्या पाळतीच्या तंत्राचा धागा थेट या कंदिलापर्यंत नेला आहे.

आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही. पेशवाईत अस्पृश्याने ओळखू यावं म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं अडकवायचं, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विच्छेदन'मध्ये नोंदवलं आहे. काळा दोरा ही माणसाच्या अंगावर लावलेली नंबरप्लेटच होती. दुरूनच वाचता यावी, आणि वाचणाऱ्याने ठरवावं की याला कुठपर्यंत येऊ द्यायचं.

यातला आणखी एक पेच लक्षात घ्या. गावाच्या वेशीवर पहारा कोण द्यायचं? वेसकर महार. रात्रीची गस्त, परक्या माणसावर नजर, चोराचा माग काढणं ही त्याचीच कामं. म्हणजे गावाची सुरक्षा ज्याच्या डोळ्यांवर चालायची, त्याला स्वतःला गावात जागा नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते या वेठीतून सुटण्यासाठी. पहारा देणारे आपण आणि सुरक्षित दुसरे, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

हजेरी

इंग्रजांनी ही नजर कागदावर आणली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर पसरला. जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण नोंदवहीत. ठरल्या वेळी पोलीस पाटलाकडे किंवा चौकीत हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, बोटांचे ठसे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' वाचलेल्यांना हजेरीने मांगवाड्याची काय दशा केली हे वेगळं सांगायला नको.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. पण जागोजागी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले आणि नोंदवही दुसऱ्या नावाने सुरू राहिली. तुरुंगांच्या नियमावलीत जातीवरून काम वाटण्याची आणि विमुक्त जमातींना सराईत समजण्याची कलमं ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत टिकली. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात ती घटनाबाह्य ठरवली. कायदा रद्द होऊनही बहात्तर वर्षं नोंद जिवंत राहिली. नोंद हे पाळतीचं सर्वांत चिवट अंग आहे. डोळा मिटतो, वही मिटत नाही.

ओकलंड : पोलिसांवर नजर ठेवणारे

आता ओकलंडकडे वळू. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी तिथे ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. काळ्या वस्त्यांत पोलिसांची मारहाण रोजची होती. पँथरचं पहिलं गाजलेलं काम म्हणजे पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी घेऊन फिरणं. पोलिसांनी कोणाला अडवलं की हे कायद्याने ठरलेल्या अंतरावर उभे राहायचे, काय घडतंय ते बघायचे आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगायचे. न्यूटन यांनी कॉलेजात कायद्याचा अभ्यास केला होता. हातात कायद्याचं पुस्तक असायचं, आणि बंदूकही असायची, कारण तेव्हा कॅलिफोर्नियात ती उघडपणे बाळगणं कायदेशीर होतं.

बंदूक हा आपला मार्ग नाही. बाबासाहेबांनी आपल्याला संविधानाचा मार्ग दिला आहे. पण पँथरच्या कृतीचा गाभा बंदुकीत नव्हताच. ज्यांच्यावर शतकानुशतकं नजर ठेवली गेली त्यांनी मान वर करून उलट बघितलं, यात तो होता. सत्तेला हे लगेच कळलं. १९६७ च्या जुलैमध्ये गव्हर्नर रेगन यांनी मल्फर्ड कायद्यावर सही केली आणि उघडपणे भरलेली बंदूक बाळगायला बंदी आली.

मग उलटी पाळत सुरू झाली. एफबीआयच्या 'कोइंटेलप्रो' कारवाईत पँथरमध्ये खबरे घुसवले गेले. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टन या एकवीस वर्षांच्या नेत्याला त्याच्या घरात गोळ्या घातल्या. त्या घराचा नकाशा, हॅम्प्टन कुठे झोपतो त्या खोलीसह, एका खबऱ्याने एफबीआयला आधीच दिला होता. वस्तीचा नकाशा दुसऱ्याच्या हातात असतो तेव्हा काय होऊ शकतं, याचं यापेक्षा उघड उदाहरण शोधायची गरज नाही.

पँथरची दुसरी बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते. ओकलंडमध्ये ५५ वा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या चौकात मुलं गाड्यांखाली येत होती. नगरपालिका सिग्नल बसवत नव्हती. पँथरचे कार्यकर्ते स्वतः उभे राहून वाहतूक थांबवू लागले. १ ऑगस्ट १९६७ रोजी तिथे सिग्नल लागला. १९६९ पासून शाळकरी मुलांसाठी सकाळचा नाश्ता सुरू झाला. ७० च्या दशकात वृद्धांना बँकेत नेऊन सुखरूप परत आणणारी सोबत सुरू झाली, कारण पेन्शनच्या दिवशी त्यांना लुटलं जायचं. वस्तीची सुरक्षा म्हणजे काय, याचं उत्तर त्यांनी कृतीतून दिलं : सिग्नल, नाश्ता आणि सोबत. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणाची नोंद ठेवावी लागली नाही.

नंबरप्लेट

नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा १९७६ मध्ये ब्रिटनच्या पोलीस संशोधन विभागात जन्मला. समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो, त्यातून नंबर काढणारं सॉफ्टवेअर, आणि तो नंबर, वेळ, ठिकाण यांची साठवण. हवी असलेली गाडी दिसली तर इशारा मिळतो. पण नोंद फक्त हव्या असलेल्या गाडीची होत नाही, सगळ्यांचीच होते. हजेरीला निदान चौकीत जावं लागायचं. इथे न जाताच हजेरी लागते.

ओकलंड पोलिसांकडे असे ३३ कॅमेरे होते. माहितीच्या कायद्याखाली एका वृत्तसंस्थेने त्यांचा डिसेंबर २०१० ते मे २०१४ पर्यंतचा डेटा मिळवला. त्यात ४६ लाख नोंदी होत्या. त्यातल्या पोलिसांना खरोखर हव्या असलेल्या गाड्या एक टक्क्याहूनही फार कमी. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने यातल्या काही दिवसांच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या, तेव्हा गरीब आणि काळ्या, लॅटिनो वस्त्यांत गाड्या जास्त वाचल्या गेल्याचं दिसलं. वाहनचोरी कुठे जास्त होते याच्याशी ते चित्र जुळत नव्हतं. म्हणजे यंत्र आंधळं असलं तरी ते कुठे फिरवायचं हे ठरवणारा माणूस आंधळा नसतो.

यंत्र चुकतंही. खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोत २००९ मध्ये कॅमेऱ्याने एका काळ्या महिलेच्या नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला. पोलिसांनी गाडी चोरीची समजून तिच्यावर बंदुका रोखल्या, गुडघ्यांवर बसवून बेड्या घातल्या. प्लेट डोळ्यांनी एकदा वाचली असती तरी चूक कळली असती.

ओकलंडचे लोक गप्प बसले नाहीत. बंदर, शहरातले कॅमेरे आणि इतर माहिती एकाच केंद्रात जोडायची योजना २०१३ मध्ये आली. ती दहशतवाद आणि गुन्हे रोखण्यासाठी आहे असं सांगितलं गेलं. पण मिळवलेल्या कागदपत्रांतून अधिकाऱ्यांचं लक्ष मोर्चे आणि आंदोलनांवर असल्याचं बाहेर आलं. नागरिकांनी नगर परिषदेच्या बैठका दणाणून सोडल्या. मार्च २०१४ मध्ये ती योजना फक्त बंदर आणि विमानतळापुरती मर्यादित झाली. पुढे २०१६ मध्ये शहराचा गोपनीयता सल्लागार आयोग आला आणि २०१८ मध्ये कायदा झाला : पाळतीचं कोणतंही यंत्र घेण्याआधी त्याचा वापर, साठवण आणि परिणाम लोकांसमोर मांडून मंजुरी घ्यायची.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. पण जुलै २०२३ मध्ये ओकलंडमधल्या एनएएसीपी या काळ्यांच्या जुन्या हक्क संघटनेनेच, गुन्हेगारीमुळे शहरात आणीबाणी जाहीर करा, अशी मागणी केली. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नरांनी ओकलंड आणि आसपासच्या भागात सुमारे ४८० नंबरप्लेट कॅमेरे बसवण्याची घोषणा केली. गाडी फोडली जाते, दुकान लुटलं जातं, गोळी लागते, तेव्हा भीती काळ्या आईलाही वाटते. ही भीती खोटी म्हणणारा कार्यकर्ता लोकांपासून तुटतो. प्रश्न त्या भीतीवर पुढे काय उभं केलं जातं हा आहे.

ते काय असू शकतं, हे २०२५ मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हा डेटा केंद्रीय यंत्रणांना देता येत नाही. तरी ओकलंडच्या डेटात त्यांच्यासाठी शोध घेतले गेल्याचं वृत्तपत्रांनी उघड केलं. त्याच वर्षी टेक्सासमधल्या एका पोलीस कार्यालयाने गर्भपात केलेल्या एका महिलेचा शोध देशभरातल्या ८३ हजारांहून जास्त कॅमेऱ्यांत घेतल्याची बातमी आली. गाडीचोर पकडायला म्हणून मागितलेला कॅमेरा शेवटी कोणाच्या मागे लागेल, हे मागणाऱ्याच्या हातात राहिलं नाही.

नकाशा आपण काढायचा

मग पर्याय काय? ज्यांच्यावर पाळत आहे त्यांनी पाळतीचाच नकाशा काढायचा. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या नागरी हक्क संघटनेचे स्वयंसेवक मॅनहॅटनचे रस्ते पायी फिरले आणि रस्त्यावरून दिसणारे २,३९७ कॅमेरे मोजले. २०२१ मध्ये ॲम्नेस्टीच्या उपक्रमात जगभरातल्या ७ हजारांहून जास्त लोकांनी घरबसल्या न्यूयॉर्कच्या चौकांचे फोटो तपासले आणि १५ हजारांहून जास्त कॅमेरे नोंदवले. ज्या वस्त्यांत पोलीस लोकांना थांबवून जास्त झडत्या घेतात, तिथेच चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या टप्प्यातले कॅमेरेही जास्त, असं त्यातून पुढे आलं. २०२४ पासून अमेरिकेत नंबरप्लेट कॅमेऱ्यांचा लोकांनी भरलेला नकाशा चालू आहे. कंपनीने त्याच्या नावावरून नोटीस पाठवली, नकाशा बंद पडला नाही.

आपल्या देशातही हे झालं आहे. हैदराबादच्या काला पत्थर आणि किशन बाग भागांत स्वयंसेवकांनी कॅमेरे मोजले, तेव्हा अर्ध्याहून जास्त परिसर कॅमेऱ्यांच्या नजरेखाली असल्याचं निघालं. दिल्लीबाबत विधी सेंटरच्या २०२१ च्या अभ्यासाने, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेचा फटका मुस्लिम वस्त्यांना जास्त बसेल असा निष्कर्ष काढला. महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांचा असा नकाशा कोणी काढायचा? दुसरं कोणी काढणार नाही.

कॅमेरा कुठे हवा?

परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ रोजी पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आरोपी तिथल्या लोकांनीच जागेवर पकडला. त्याला शोधायला कॅमेरा लागला नाही. त्यानंतर वस्त्यांत पोलीस शिरले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तेवढ्यासाठी एका आईला सात महिने लढावं लागलं. परभणीत सुरक्षा कुठे तुटली? पुतळ्यापाशी की कोठडीत?

कोठडीतल्या कॅमेऱ्याचा कायदा आपल्या बाजूने आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : प्रत्येक पोलीस ठाण्यात दारापासून लॉकअपपर्यंत सीसीटीव्ही, आवाजासह, रात्रीही दिसेल असा, आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष जपायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतले कॅमेरे चालत नाहीत या बातम्यांवरून, न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५ अ (१०) म्हणतं की या कायद्याखालच्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण व्हावं. किती तालुक्यांत आपण हे मागितलं? रस्त्यावर कॅमेरा मागणारं निवेदन आपण लगेच देतो, ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का हे विचारणारा अर्ज मात्र क्वचितच देतो.

दुसरीकडे सरकारची वही जाड होत चालली आहे. २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांच्या शरीराच्या खुणांची नोंद ७५ वर्षं ठेवता येते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम सरकारला नकार देणं सोपं जाईल असं बदललं. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये 'जनसुरक्षा' नावाचं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्यातला 'जन' कोण आणि धोका कोण, हे ठरवायचा अधिकार सरकारकडेच. मोर्चाला नेलेल्या गाड्यांचे नंबर, पुतळ्याभोवती जमलेले चेहरे आणि ही सगळी कलमं एकत्र ठेवून बघा.

ओकलंडचा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा : सुरक्षा कॅमेऱ्यात नसते, नोंद कोणाच्या ताब्यात आहे यात असते. १९६७ मध्ये नोंद पँथरच्या हातात होती तेव्हा पोलीस जपून वागले. १ जानेवारी २००९ रोजी ऑस्कर ग्रँट या तरुणाला ओकलंडच्या फ्रूटव्हेल स्टेशनवर पोलिसाने गोळी घातली. ते प्रवाशांच्या मोबाइलमध्ये आलं म्हणून जगासमोर आलं आणि त्या पोलिसाला शिक्षा झाली. नोंद दुसऱ्याकडे गेली की तेच तंत्र आपल्यावर उलटतं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, पुढचं निवेदन देण्याआधी चार प्रश्न विचारा. कॅमेऱ्याचं तोंड पुतळ्याकडे आहे की वस्तीच्या दाराकडे? चित्रण कुठे साठतं आणि ते कोण बघतं? किती दिवसांनी पुसलं जातं? आणि आपल्यावर अन्याय झाला तर ते आपल्याला मिळेल का? विहाराचा कॅमेरा विहार समितीच्या ताब्यात, ठरावीक मुदतीचा आणि लेखी नियमाने चालणारा असेल तर जरूर बसवा. नियम न विचारता आपल्या दारात पोलिसांचा डोळा मागून घेऊ नका.

आणि एक काम या महिन्यातच करता येईल. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याचा कागदी नकाशा घ्यावा. वस्तीभोवतीचे कॅमेरे कोणाचे आहेत ते पायी फिरून मांडावं, आणि माहिती अधिकारात विचारावं की आपल्या पोलीस ठाण्यात किती कॅमेरे आहेत, किती चालू आहेत, किती दिवसांचं चित्रण जपलं जातं. उत्तर आलं तर ते नकाशावर लिहा. नाकारलं तर नकाराची तारीख लिहा आणि अपील करा. वेशीवर दुसऱ्यांसाठी पहारा देणाऱ्यांची आपण लेकरं आहोत. आता थोडा पहारा स्वतःसाठी देऊ.

जय भीम.